नाकेदार पाहीन ना

जाळीच्या कपाटाचा रंग पूर्ण निघाला, त्याच आठवड्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. ज्या आजीकडून मी ते कपाट घेतलं, ती मिरच्या आणि लाखोळीची डाळ विकायला गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या आरमोरीला आली होती आणि परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून माझ्या छपरीत टेकली. कपाट तिथंच उभं होतं, उन्हाची तिरीप जेमतेम पायांपर्यंत पोचेल अशा बेतानं ठेवलेलं. सागाचा तो पिवळा-तपकिरी रंग, दारांच्या फळ्यांवर वर चढत गेलेल्या नसा. येणारे-जाणारे थांबून पाहत होते, शेजारच्या काकूंनी तर फोटो काढून मुलीला पाठवला होता. आजीनं तांब्या खाली ठेवला, उठली, दारावरून हात फिरवला, वाकून खालच्या फळीकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलेल. ती म्हणाली, "कायले काढला वो बाई एवढा रंग? देऊन टाक पुन्हा. नाकेदार पाहीन ना."

मी हसले. ती हसली नाही.

वनरक्षक, फॉरेस्ट गार्ड ही नावं कागदावरची, आमच्याकडे तो नाकेदारच. आजीच्या गावचा जुना नाकेदार निवृत्त होऊन कधीचा गेला असेल. कपाट तिच्या घरात होतं तेव्हाही त्याच्यामागे कुणी लागलेलं नव्हतं, निदान अलीकडे तरी. आणि आता ते माझ्या छपरीत, भर वस्तीत, दुरुस्त होत असलेलं जुनं सामान म्हणून उभं. तरी तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. उन्हात वाळत घातलेलं धान झाकायला सांगावं, तितक्या सहज तिनं ते सांगितलं, पदर खोचला आणि एसटी स्टँडकडे निघून गेली. माझ्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा तसाच राहिला.

जुनं लाकडी सामान घेऊन, नीट करून विकायचं हा माझा शाळेच्या सुट्ट्यांमधला उद्योग. उद्योग म्हणावा एवढी उलाढाल नाही, पण छंद म्हटलं तर हातांची सालपटं निघतात ती खोटी ठरतात. गेल्या काही वर्षांत गावोगावी घरकुलं झाली, होताहेत. मातीच्या भिंती उतरतात, कवेलू रचून ठेवले जातात, मयाली आणि फाटे, म्हणजे छपराच्या तुळया आणि वासे, एका बाजूला पडतात आणि त्या ढिगाऱ्यातून एकेक वस्तू बाहेर येते. दाराची चौकट, कोनाड्याची झडप, बंगईची, म्हणजे झोपाळ्याची, फळी, कुणाच्या लग्नातला पलंग, पाट, धान्याची पेटी. स्लॅबच्या घरात या वस्तू मावत नाहीत असं नाही, पण नव्या घरात जुनं नको वाटतं, आणि ते मला पटतं. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांनी कवेलूंच्या घराचं कौतुक का करावं? कौतुक करायला आम्ही असतोच. आजीनंही कपाटाची किंमत सांगताना डोळे पाणावले वगैरे काही नव्हतं. "घेऊन जा, उंदरं होतात त्यात," एवढंच म्हणाली. तिनं सांगितला तो भाव मी दिला, घासाघीस केली नाही. मोठेपणाचं काही नाही त्यात. ते नागपूरला कितीला जाईल याचा अंदाज मला होता आणि तिला नव्हता.

कपाट तसं साधं. दोन दारं, दारांच्या वरच्या अर्ध्या भागात जाळी, खालच्या अर्ध्यात फळी. आत तीन कप्पे. वरच्या कप्प्यावर दुधाच्या गंजाचे, म्हणजे पातेल्याचे, गोल डाग, एकात एक अडकलेले. चारही पाय तळाशी पांढुरके आणि भुसभुशीत, कारण मुंग्या चढू नयेत म्हणून ते वर्षानुवर्षं पाण्यानं भरलेल्या वाट्यांत उभे होते. बिजागऱ्या गंजून दारांच्या लाकडात काळ्या उतरलेल्या. खिळा मात्र सांध्यांमध्ये कुठंच नाही. खाचेत कुसू बसवून आरपार बांबूची खुंटी ठोकलेली, आणि ती खुंटी अजून हलत नव्हती. आपण ज्याला मजबूत म्हणतो ते बहुतेक वेळा लाकूड नसतंच, सांधा असतो. चांगलं लाकूड आणि वाईट सांधा असला की ते खाटेच्या कामाचंही राहत नाही.

आणि त्यावर रंग. वरचा थर हिरव्या ऑईलपेंटचा, ग्रामपंचायतीच्या दारांना असतो तो हिरवा. त्याखाली आकाशी. आकाशीखाली रेड ऑक्साईड, जो लोखंडाला मारायचा, पण घरात उरलेला डबा वाया कोण घालवतो? माझा नियम असा की जुना रंग कोरडा घासायचा नाही. आपल्याकडे घरगुती रंगांमध्ये शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय होतं ते डब्यालाच माहीत. कोरड्या घासणीची धूळ नाकात जाते, कपड्यांवर घरात येते, जमिनीवर बसते आणि रांगणारं पोर ती बोटांनी तोंडात घालतं. उष्णता देऊन रंग फुगवण्याची मशीन मिळते, पण शिशाच्या रंगाला ती नकोच. कॉस्टिक सोडा स्वस्त पडतो, पण सागाला काळवंडून टाकतो. म्हणून रिमूव्हर लावायचा, वर प्लास्टिक झाकून मुरू द्यायचा आणि मग पत्र्याच्या पट्टीनं ओलाच ओढून काढायचा. निघालेला लगदा जुन्या पेपरात गुंडाळून वेगळा बांधून ठेवायचा, सांदवाडीत, म्हणजे परसात, फेकायचा नाही. तोंडाला मास्क. शेजारचे विचारतात, करोना परत आला का म्हणून.

आकाशी निघाला तेव्हा कोपऱ्यात एका लहान मुलानं खिळ्यानं कोरलेला 'क' दिसला. पुढची अक्षरं नाहीत. अभ्यास तिथंच थांबला असावा.

रेड ऑक्साईड मात्र खरवडावा लागलाच नाही. पट्टी लावली की मोठमोठ्या पापुद्र्यांनी सुटून यायला लागला, कारण त्याखाली तेल होतं. ट्रॅक्टरचं, मोटारसायकलचं जळालेलं काळं ऑईल. बोट लावलं तर अजून चिकट. आमच्याकडे हे ऑईल उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून फासतात, ते मला नवीन नव्हतं. जमिनीत गाडायच्या खांबाला, मयालीच्या भिंतीत जाणाऱ्या टोकाला, दाराच्या उंबऱ्याला. पण हे कपाट आतून-बाहेरून, कप्प्यांच्या वरच्या बाजूसकट, दारांच्या कडांपर्यंत माखलेलं होतं. ज्यात दूध-दही ठेवायचं त्याला आतून जळालेलं ऑईल कोण लावतं? शिवाय स्पिरिटच्या बोळ्यानं एक जागा पुसल्याबरोबर खालून साग दिसला आणि तो वास आला, जुन्या चामड्याच्या चपलेजवळ जाणारा, किंचित तेलकट. सागाच्या गाभ्यात त्याचं स्वतःचंच तेल असतं, उधई त्याच्या वाटेला सहसा जात नाही. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागते, पण या कपाटात पांढरं लाकूड जवळजवळ नव्हतंच. म्हणजे ज्याला गरज नाही त्या लाकडाला कुणीतरी मन लावून, एकही फट न सोडता, काळं केलं होतं.

हे कोडं मी दारं घासता घासता मनात घोळवत होते. आजी येऊन गेली आणि ते सुटलं. काळं ऑईल फासल्यावर साग काय आणि येन, म्हणजे ऐन, काय, दुरून सारखेच.

माझे बाबा वाढई होते. गावातल्या सगळ्या तिफणी, वखरं, दारं, खाटा त्यांच्या हातच्या. तिफणीला बाभूळ, पेट्यांना आंबा, चौकटीला येन, आणि ज्याला जमेल त्याला साग. लाकूड गिऱ्हाईकाचं, मजुरी बाबांची, हा हिशेब ठरलेला. गिऱ्हाईकानं ते कुठून आणलं हे बाबा विचारत नसत. त्यांची एक लांबट वही होती, तिच्यात प्रत्येक कामाची नोंद. 'पलंग, एक, लाकूड गिऱ्हाईकाचं', 'पेटी, एक, लाकूड गिऱ्हाईकाचं'. बाभूळ असली तर बाभूळ लिहिलेलं आहे, आंबा असला तर आंबा. जिथं नुसतं 'लाकूड' लिहिलंय, तिथं साग समजायचा. ती वही माझ्याकडे आहे आणि तिच्यात 'सागवान' हा शब्द एकदाही नाही. सागाच्या जंगलात आयुष्य काढलेल्या माणसाच्या वहीत!

सागाचं काम बाबा पावसाळ्यात घ्यायचे. लहानपणी मला वाटायचं, शेतीची हत्यारं उन्हाळ्यात सरली की बाकीची कामं आखाडात येतात, म्हणून असेल. पण तसं पाहिलं तर सुतारकामाला पावसाळ्याइतका वाईट काळ नाही. हवेतलं पाणी लाकूड पितं, फुगतं, रंधा अडकतो, सरस लवकर धरत नाही. तरी श्रावणातल्या रात्री कवेलूंवर पाऊस कोसळायला लागला की बाबा कंदील उतरवायचे, आई दाराला पोतं लावायची आणि आतल्या खोलीत करवत सुरू व्हायची. करवतीचा आवाज शांत रात्री चार घरं पलीकडे जातो. पावसात तो शेजारच्या खाटेपर्यंतही पोचत नाही. पहाटे आई रंध्याची सगळी कुरळी ढलपी सुपात भरून चुलीत घालायची. बाभळीची ढलपी अंगणात पडलेली चालत असे, कोंबड्या तिच्यात लोळत. सागाची नाही. मी एकदा त्यातली लांब, अखंड, कानातल्या डूलसारखी वळलेली ढलपी शाळेत न्यायला उचलली, तर आईनं काही न बोलता माझ्या मुठीतून काढून घेतली. चुलीत ती भर्रकन पेटली.

सागाची कोवळी पानं तळहातावर चोळली की हात लाल होतो, मेंदी लावल्यासारखा. आम्ही पोरी सगळ्याच ते करायचो. त्याला कुणी अडवलं नाही.

ओल्या लाकडाचं काम उन्हाळ्यात आपलं खरं रूप दाखवतं. बाबा म्हणायचे, "ओलं लाकूड कोनाचंच आयकत नाही." लाकूड कापल्यावर फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशी रास लावून, सावलीत महिनोन्‌महिने मुरू द्यावं लागतं. जाड फळीला वर्षही लागतं. पण ज्याच्या ओंडक्यावर वनखात्याच्या शिक्क्याचा हातोडा पडलेला नाही आणि ज्याच्याकडे वाहतुकीचा पास नाही, त्यानं ही रास लावायची कुठं? अंगणात? तो ओंडका रात्री येतो आणि सकाळच्या आत त्याची वस्तू व्हावी लागते. मग चैत्र-वैशाखात, जेव्हा ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा ते लाकूड आडवं आकसतं. दारं सैल होतात, फळी आपल्या खाचेत खुळखुळते.

आजीच्या कपाटाच्या दारांमध्ये ते अगदी स्पष्ट आहे. दाराच्या चौकटीत बसवलेल्या फळीच्या दोन्ही उभ्या कडांना दोन-तीन मिलिमीटर रुंदीची एक पट्टी आहे, जिच्यावर नंतरचे रंग होते, पण त्यांच्याखाली ऑईल नव्हतं. ऑईल लावलं तेव्हा तो भाग खाचेच्या आत होता. नंतर फळी आकसली आणि आत लपलेलं कोरं लाकूड बाहेर आलं. वरच्या-खालच्या कडांना अशी पट्टी नाही, कारण लाकूड लांबीत आकसत नाही. म्हणजे कपाट ओल्या लाकडाचं, घाईनं केलेलं, आणि घाई कशाची ते आजी सांगून गेली. ते बाबांच्या हातचं नव्हतं, हे सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला तशी आशा लागायची. बाबा खुंटी चौकोनी करत, ही गोल आहे. आजीचं लग्न झालं तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळं चांदाच, म्हणजे चंद्रपूरच, होतं, म्हणजे १९८२ च्या आधीचं काम. करणारा कोण ते तिलाही आठवत नाही. "धन्यानं आनलं" एवढंच तिला ठाऊक आहे, आणि कुठून आणलं ते तिनंही तेव्हा विचारलं नसणार.

यात चोर कोण, असं कुणी विचारलं तर मला सरळ उत्तर देता येत नाही. इंग्रजांना साग हवा होता, जहाजांना, रेल्वेला, बंगल्यांना, म्हणून जंगलं राखीव झाली हे खरं. १९२७ चा वन कायदा आजही चालू आहे. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं स्वतःच्या शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, सागही विनापरवानगी तोडता येत नाही. पण हेही खरं की ही बंधनं नसती तर आलापल्लीच्या जंगलात दोघांच्या कवेत न मावणारे जे साग अजून उभे आहेत, ते कधीच ट्रकमध्ये गेले असते. ट्रक भरून नेणारे वेगळे होते आणि खांद्यावर एक ओंडका आणणारे वेगळे, मात्र कायद्याच्या कलमात दोघं शेजारी-शेजारी बसतात. आणि नाकेदार म्हणजे तरी कोण? माझ्या आठवणीतला नाकेदार सायकलवर यायचा, पावसात त्याची टोपी भिजून कानावर उतरलेली असायची, घरापासून शंभर मैल लांब एकटा राहायचा आणि ट्रकवाल्यांना आमच्यापेक्षा जास्त तोच भ्यायचा. बाबा त्याला चहा द्यायचे. तो रंध्याकडे पाहायचा नाही, बाबा त्याच्या वहीकडे पाहायचे नाहीत.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला आपल्या जंगलातला बांबू आपल्याच पासावर बाहेर न्यायचा अधिकार मिळाला तो २०११ मध्ये. तोही बांबूचा. त्या बातमीवर आमच्या शाळेत मी मुलांकडून चित्रं काढून घेतली होती. एका मुलानं बांबूऐवजी पलंग काढला.

नंतर साग देशाच्या बातम्यांत आला. २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान निघालं, तेव्हा लाकडाची पूजा झाली, शोभायात्रा निघाली, लोक फुलं टाकायला रस्त्यावर उभे होते. त्याच वर्षी मे महिन्यात संसदेची नवी इमारत सुरू झाली आणि तिच्यातलं सागवान नागपूरचं असल्याचं सगळ्या पेपरांनी छापलं. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? आमच्या मातीतलं लाकूड शेकडो मैलांवर उजेडात, दिव्यांखाली, कॅमेऱ्यांसमोर. आजीचं कपाट त्याच जातीचं, कदाचित त्याच जंगलातलं, आणि ते आयुष्यभर ऑईलच्या, ऑक्साईडच्या, आकाशी-हिरव्या रंगाच्या आड तिच्या चुलीशेजारी उभं राहिलं. दूध त्यातही नासलं नाही, मांजर त्यातही शिरलं नाही.

पुढच्या बाजाराला मी आजीला थांबवून चहा दिला. कपाटाचा विषय मी काढला नाही, तिनंच काढला. "दिलास का रंग?" नाही म्हटलं. तिनं पिशवीतून एक पाट काढला. तो तिनं विकला नव्हता, तिच्या नातीच्या लग्नाला लागणार होता. सागाचा, वजनाला भारी, मध्ये बसून बसून खोलगट झालेला. "याले दे मंग." माझ्याकडच्या शेडकार्डातले मंद रंग मी आधी पुढे केले, राखाडी, हस्तिदंती, ते शहरात चालतात म्हणून. तिनं त्यांच्यावरून बोट असं फिरवलं की जणू ते छापलेलेच नाहीत, आणि पोपटीवर थांबली. त्याशेजारी लाल. "कडेनं लाल."

मला रंग काढायला आवडतो, लावायला फारसा नाही. पण तो पाट रंगवताना मजा आली. आधी स्पिरिटनं नीट पुसून घेतला, कारण सागाचं तेल वर राहिलं तर एनॅमल पुढं पापुद्रे सोडतो. मग प्राइमरचा हात, मध्यभागच्या भेगेत लांबी, म्हणजे पुट्टी, वाळल्यावर दोनशेवीस नंबरच्या पेपरनं हलकेच घासणी. मग पोपटीचे दोन हात, पातळ, एकाच दिशेनं, आणि शेवटी लहान कुंचल्यानं लाल कड. उन्हात तो इतका झगझगीत दिसत होता की रस्त्यावरून जाणारी पोरं थांबली. त्या वेळी मला कळलं की रंगाला मी आतापर्यंत फक्त आवरण समजत होते. आजीनं हिरवा लावला तो नुसता लपवायला नसेल. ऑईल लपवायला होतं. त्यावरचा आकाशी कुणाच्या तरी बारशाचा असेल, हिरवा दिवाळीचा. भीतीवर एकदा रंग चढवला की पुढचे रंग हौसेचे असू शकतात. आजीनं पाट उलटा करून पाहिला. खालची बाजू कोरी होती, कारण खालची बाजू कुणी रंगवत नाही. "इकडून दिसते ना," ती म्हणाली. मी खालूनही रंगवून दिला.

कपाटाला मात्र मी चपड्याचंच पॉलिश केलं. गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर जी लाख पिकते, तिचाच हा चपडा. अडीचशे ग्रॅम चपडा लिटरभर स्पिरिटमध्ये रात्रभर, काचेच्या बरणीत, अधूनमधून हलवत. लोखंडाच्या डब्यात ठेवला तर काळा पडतो. सकाळी तो दाट मधाच्या रंगाचा होतो. कापसाचा बोळा जुन्या धुतलेल्या मलमलीत बांधायचा, त्यात पॉलिश मुरवायचं, आणि फळीवर हात थांबू न देता फिरवत राहायचं. थांबलात की तिथं ओरखडा धरतो. आखाडात हे काम नको, हवेतल्या ओलीनं पॉलिश पांढुरकं पडतं. भर उन्हाळ्यात दुपारीही नको, स्पिरिट उडून जातं आणि बोळा चिकटतो. म्हणून पहाटे, पाखरांच्या आधी. पहिल्या हाताला लाकूड सगळं पिऊन टाकतं, काहीच दिसत नाही. चौथ्या-पाचव्या हाताला फळीच्या आतून उजेड यायला लागतो. त्या कोऱ्या पट्ट्या, खाचेतून बाहेर आलेल्या, पॉलिशनंतरही बाकीच्या फळीपेक्षा फिकट राहिल्या. डाई मिसळून त्या सहज जुळवता आल्या असत्या. मी जुळवल्या नाहीत. पायांचा कुजलेला भाग कापून त्याच सागाचे तुकडे जोडले, जाळी नवी बसवली, बिजागऱ्या पितळेच्या.

नागपूरहून एक जोडपं आलं. चांगली माणसं, प्रश्न विचारणारी. बाईंना ती फिकट पट्टी लगेच दिसली, त्याचं मला बरं वाटलं. त्यांना कपाट पुस्तकांसाठी हवं होतं. मग गृहस्थ जरा चाचरत म्हणाले की पूर्ण रंग काढायच्या ऐवजी थोडा हिरवा कोपऱ्यांत राहू दिला असता तर आणखी छान दिसलं असतं, हल्ली तसं घेतात, नवा रंग लावून मुद्दाम घासून जुना करतात. मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगा. भाव ठरला. त्यातला एक भाग आजीला न्यायचा हे मी आधीच ठरवलं होतं, आणि ती तो घेताना किती संशयानं घेईल याचीही कल्पना होती.

मी पावती केली. मी पावती नेहमी लांबलचक करते. 'सागवानी जाळीचं कपाट, एक, जुनं, दुरुस्त करून, अमुक गावातल्या घरातून घेतलेलं', तारीख, सही. बाबांच्या वहीसमोर बसून लिहिते म्हणून असेल, 'सागवानी' जरा मोठ्या अक्षरात येतं. पावती हातात घेऊन गृहस्थ म्हणाले, एवढं कशाला, ताई. मी म्हटलं, गाडीच्या पुढच्या खणात ठेवा, वाटेत विचारलं तर असावी. त्यांनी मान डोलावली आणि पावती खिशात घातली. कपाट चादरीत गुंडाळून, दोऱ्यांनी बांधून, त्यांच्या मोठ्या गाडीच्या मागच्या भागात आडवं गेलं.

रात्री फोन आला. नीट पोचलं, दाराला कुठं लागलं नाही, पुस्तकं लावूनही झाली. चहाचा कप थेट ठेवला तर चालेल का, असं बाईंनी विचारलं. म्हटलं, नाही, चपड्यावर गरम भांड्याचा पांढरा गोल उमटतो, खाली काहीतरी ठेवा, आणि पावसाळ्यात दार घट्ट झालं तर घासू नका, दिवाळीपर्यंत आपोआप सुटेल. मग मी विचारलं, वाटेत नाक्यावर कुणी थांबवलं का?

"कुठला नाका?" त्या म्हणाल्या.